माडीवरची बोली

"शंभर कौलं," माडीवरून आवाज आला, आणि खाली मशिदीत बसलेल्या सगळ्या पुरुषांनी माना वर केल्या.

माझे बाबा चौथऱ्यावर उभे होते. त्यांचा हात हवेतच राहिला. एझ्राशेठ वाकरूळकरांनी नुकतीच अकरा रुपयांची बोली केली होती. बाबा ती तिसऱ्यांदा पुकारून मान त्यांना देणार, एवढ्यात हे झालं. आवाज माझ्या नओमीआत्याचा होता. मी तिला खेटून बसले होते, तरी तो तिचाच आहे हे ध्यानात यायला मला वेळ लागला. माडीवरून कधी बोली येतच नसे. माडी बायकांची. आम्ही वरून ऐकायचं, पोथ्यांचं कपाट उघडलं की पदर डोक्यावर ओढायचा आणि गाण्यांत सूर मिसळायचा. बोली पुरुषांची असे.

ही एकोणसत्तर सालची गोष्ट. तेव्हा आम्ही तळखारला राहत होतो. अलिबागच्या उत्तरेला, खाडीकाठचं गाव. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. गावात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आमच्या वाडवडिलांचे घाणे शनिवारी बंद असत. आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्हीही मशीदच म्हणायचो आणि गावही तेच म्हणे. त्या दिवशी सिम्हाथ तोरा होता. वर्षभर वाचलेलं धर्मशास्त्र संपवून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचा हा सण. शास्त्राच्या गुंडाळलेल्या पोथ्या कपाटातून काढून, उराशी धरून, गात गात चौथऱ्याभोवती सात फेऱ्या घालतात. पहिली पोथी कुणी उचलायची, त्याची बोली लागते आणि त्या पैशावर मशिदीची दिवाबत्ती चालते. सणाच्या दिवशी लिहायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही. माणूस नुसता बोलतो, आणि बोलला की बांधला जातो.

एझ्राशेठ मुंबईला बर्फाचा कारखाना चालवत. सणाला मात्र न चुकता गावी येत, आणि पहिली पोथी दरवर्षी तेच उचलत. त्यांच्यासमोर कुणी बोलत नसे, म्हणून अकरा रुपयांत त्यांना मान मिळे. ते कंजूष होते असं मी म्हणणार नाही. माझ्या मॅट्रिकची फी त्यांनीच भरली होती. पण त्या पावसाळ्यात मशिदीच्या छपराची मागची बाजू खाली आली, वाशांना वाळवी लागली होती, आणि बाबा मदत मागायला मुंबईला गेले तेव्हा शेठ सरळ नाही म्हणाले.

"दावीदमास्तर, आपली अकरा घरं उरलीत गावात," ते म्हणाले होते. "दर थोड्या दिवसांनी एक घर इस्राएलला निघतं. मी छप्पर घालायचं कुणासाठी? पोथ्या मुंबईला आणू. तिथं त्यांची देखभाल होईल, माझ्या मनाला रुखरुख राहणार नाही."

बाबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आत्या भाकऱ्या थापत होती. ती काहीच बोलली नव्हती. ती बोलली ती आज, माडीवरून.

"नओमी," बाबा खालून म्हणाले, "इथं थट्टा करायची नसते."

"थट्टा कुठं करते, दादा. शंभर कौलं म्हटलं. मंगलोरी. तू पुकार."

"बोली रुपयांत असते."

"असं कुठं लिहिलंय?"

बाबांनी रूबेनआजोबांकडे पाहिलं. आजोबा आमची प्रार्थना चालवत, आणि रिवाजाचा प्रश्न आला की शब्द त्यांचाच. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. मला वाटतं, त्यांना मजा वाटत होती.

"लिहिलेलं काही नाही," ते म्हणाले. "माझ्या आज्याच्या वेळी तेलाच्या घागरींनी बोली व्हायची."

"पण बायकांनी बोली करावी असं तरी कुठं आहे?" हन्नाबाईंचा नवरा मनश्शे म्हणाला.

"करू नये असंही नाही," आजोबा म्हणाले. "पुकार, दावीद."

बाबांनी घसा साफ केला. "शंभर कौलं," ते म्हणाले, आणि मशिदीत हशा पिकला.

एझ्राशेठही हसले. उंच, गोरापान माणूस. उठून उभे राहिले, कोटाचं बटण लावलं, माडीकडे पाहत मान तिरकी केली. "दीडशे," ते म्हणाले.

"दोनशे," आत्या म्हणाली.

"तीनशे."

"चारशे."

आत्या गावच्या दवाखान्यात सुईणीचं काम करायची. तिचा पगार मला माहीत होता. मी तिच्या कानाशी लागले. "आत्या, एवढी कौलं आणायची कुठून?"

"गप बस."

"तू त्यांना नुसती चढवतेयस ना?"

पुढं वाकून तिनं कठडा धरला. शेठ पाचशे म्हणाले होते. ती सहाशे म्हणाली.

एव्हाना खाली कुणी जागेवर बसलेलं नव्हतं. मुलं बाकांवर चढली होती. रस्त्यानं जाणारी दोनचार माणसं दारात येऊन उभी राहिली होती. बाबा आधी पुटपुटल्यासारखे पुकारत होते, आता त्यांचा आवाज चढला. शाळेत ते पाढे म्हणून घेत, अगदी तसा.

"सातशे," शेठ म्हणाले.

आत्या थांबली. तेवढ्यात मागच्या रांगेतून हन्नाबाई म्हणाल्या, "माझी पन्नास."

हन्नाबाई घरोघर अंडी विकायच्या. खालून मनश्शे ओरडला, "हन्ने, आपल्या स्वतःच्या घरावर गवत आहे."

"म्हणून तर मला कौलाची किंमत ठाऊक आहे," हन्नाबाई म्हणाल्या.

मशीद हसण्यानं दणाणली आणि मग माडीचं तोंड सुटलं. "माझी साठ." "माझी चाळीस, आणि सासूबाईंची वीस." "माझ्या नणंदेची पंचवीस लिहा." "लिहायचं नाही ग आज, लक्षात ठेवा." कोण काय बोलतंय ते कळेना. आत्या बोटांवर बेरीज करत होती आणि मी तिला चुका दाखवत होते. मला बालवाडीत नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते. पहिला पगारसुद्धा अजून हातात आला नव्हता. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "माझी पंचवीस." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बाबांनी वर पाहिलं. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "मिल्का झिराडकर, पंचवीस," आणि तोंड फिरवून हसू दाबलं.

"माडीची हजार झाली," आत्या म्हणाली.

"बाराशे," शेठ म्हणाले. त्यांनी आता कोट काढून बाकावर टाकला होता.

"चौदाशे."

"सोळाशे."

खालच्या पुरुषांत दोन तट पडले. अर्धे शेठना जोर देत होते, अर्धे आपापल्या बायकांना. मनश्शे कुणाच्या बाजूचा होता ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो दोन्ही हातांनी टोपी धरून उभा होता. मी आत्याचा हात पकडला.

"दोन हजार," ती म्हणाली.

मागच्या कोपऱ्यात पडक्या भागावर ताडपत्री बांधली होती, तिच्या सुट्या टोकाची फडफड ऐकू आली.

"दोन हजार कौलं, एक वार," बाबा म्हणाले.

सगळ्यांनी एझ्राशेठांकडे पाहिलं. दोन हजार कौलं त्यांना जड नव्हती. त्यांचा नुसता बर्फाचा ट्रक विकला तरी मशीद तीनदा शाकारली असती. ते आत्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"नओमी, तू," ते म्हणाले, आणि मधेच थांबले.

आत्यानं किंचित मान हलवली. नको, असं. ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

"दोन वार," बाबा म्हणाले.

शेठ खाली बसले. चष्मा काढून रुमालानं पुसू लागले.

"तीन वार."

माडीवर असा गलका झाला की मशिदीच्या भिंतीही दचकल्या असतील. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हन्नाबाई रडत होत्या आणि हसत होत्या. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की ही दोन हजार कौलं आता खरोखर आणायची आहेत, आणि गलका हळूहळू बसला.

"पण पोथी उचलणार कोण?" रूबेनआजोबांनी विचारलं. "बायका तर उचलत नाहीत."

"मान घेतला त्यानं तो कुणालाही द्यावा, असा रिवाज आहे ना, आजोबा?" आत्या म्हणाली.

"आहे."

"मग माडीनं हा मान एझ्राशेठना दिला. त्यांचे वडील उचलायचे, तेही उचलतात. त्यांनीच उचलावी."

शेठ बराच वेळ उठलेच नाहीत. उठले तेव्हा कोट घालायचं विसरले. शर्टाच्या बाह्यांतच कपाटाशी गेले, पोथी उराशी धरली, आणि आम्ही माडीवरून साखरफुटाणे उधळले. पोरं वेचायला धावली. सगळे गायला लागले. मागच्या कोपऱ्यात ताडपत्री पाण्यानं फुगून खाली लोंबत होती. तिथून जाताना शेठना पोथीसकट वाकावं लागलं. सातही फेऱ्यांत, दर वेळी.

घरी आल्यावर बाबांनी टोपी खुंटीला लावली आणि आत्यासमोर बसले. "कौलं आणलीस, असं धरून चालू," ते म्हणाले. "ती ठेवणार कशावर? वासे वाळवीनं पोखरलेत. आढ्यात तर बोट जातं."

"वाशांची बोली पुढच्या वर्षी," आत्या म्हणाली.

बाबांनी रागावायचा प्रयत्न केला, पण जमला नाही.

त्यानंतरचे दिवस मला अजून हातात धरल्यासारखे आठवतात. सकाळी उठलं की आधी कौलांचं बोलणं. कुणी अंडी विकून, कुणी नारळाच्या वड्या करून, कुणी कपडे शिवून पैसे दिले, तेव्हा हळूहळू माडीचा शब्द जमायला लागला. मुंबईच्या वखारीत भाव विचारला. पांडू नाखवा म्हणाला, "माल धक्क्यावर आणून ठेवा. पुढचं माझ्या मचव्याचं काम, आणि भाड्याचं नाव काढलंत तर मचवा रिकामा आणीन." तरीही कौलं कमी पडत होती. निम्मी तरी.

एका सकाळी मी अंगण झाडत होते. पांडू नाखव्याची बायको गोमती डोक्यावर पाटी घेऊन आली. मला वाटलं मासळी आहे. तिनं पाटी उतरवली. आत चार जुनी कौलं होती, शेवाळ खरवडून स्वच्छ धुतलेली.

"बाई कुठं आहेत?" तिनं विचारलं. "बाईंनी मशिदीसाठी कौलं बोललीत म्हणं."

आत्या ओल्या हातानं बाहेर आली.

"तीन माझ्या तिघांची," गोमती म्हणाली. "आणि एक जो राहिला नाही त्याचं. त्यालाही तुम्हीच न्हाऊ घातलं होतं."

आत्यानं ते चौथं कौल हातात घेतलं. ओला अंगठा त्याच्यावरून फिरवला. गोमतीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाटी उचलून निघून गेली.

दुपारपर्यंत कोळीवाड्यातून आणखी पाट्या आल्या. दुसऱ्या दिवशी आगरी पाड्यांतून बैलगाडी आली. खतीजाबींनी मोहल्ल्यातल्या सगळ्या बाळंतपणांचा हिशोब लावून नातवाच्या हातगाडीवरून कौलं पाठवली, वर निरोप दिला की जुळ्यांची दोन धरलीत. कुणी गोठ्यावरची काढून दिली, कुणी परसातल्या मोडक्या न्हाणीवरची. लाल, काळपट, फिकी, सगळ्या रंगांची. आमच्या अंगणात चालायला जागा उरली नाही. आत्या दवाखान्यातून आली की त्या थप्प्यांमधून वाट काढत घरात शिरे आणि प्रत्येक थप्पीला हात लावी. मी तिला म्हटलं, "आत्या, गावातली एवढी माणसं तू या जगात आणलीस?" ती म्हणाली, "मी कुठं आणली. ती येतच होती. मी नुसती हात पुढं करून उभी होते."

मग मचव्याचा दिवस उजाडला. भरतीला मचवा खाडीत शिरणार म्हणून अर्धा गाव बंदरावर जमला होता. बालवाडीची पोरं मी सोबतच नेली होती, कारण त्यांना शाळेत बसवून ठेवणं अशक्य होतं. वळणावर शीड दिसलं आणि पोरांनी ओरडायला सुरुवात केली. मचवा पाण्यात खोल बसला होता. जवळ आला तेव्हा दिसलं की कौलांवर लांबच लांब लाकडं रचली आहेत, सागवानाचे वासे, रिपा, एक भलं मोठं आढं. त्या आढ्यावर छत्री उघडून, शहरी बूट घातलेले पाय खाली सोडून एझ्राशेठ बसले होते.

बाबा पाण्यात घोट्यापर्यंत गेले. "शेठ, हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही," शेठ म्हणाले. "कौलं काय हवेवर ठेवणार होता, मास्तर?" आणि बूट न काढताच ते चिखलात उतरले.

बंदरापासून मशिदीपर्यंत माणसांची ओळ उभी राहिली. आमच्या बायका, कोळणी, बाबांच्या शाळेतले शिक्षक, खतीजाबींच्या सुना, सगळे आळीपाळीनं. कौल एका हातातून दुसऱ्या हातात जात होतं. कुणीतरी गाणं धरलं, कोळ्यांचं होतं, पण आम्हा सगळ्यांना येत होतं. मनश्शे चार जणांबरोबर आढं खांद्यावर घेऊन निघाला आणि जाताना बायकोला हाक मारून म्हणाला, "बघतेस ना, हन्ने?"

दमल्यावर मी काठावर बसले. शेजारी एझ्राशेठ शहाळं पीत होते. त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल लागला होता आणि ते खुशीत होते. मला धीर आला.

"शेठ, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही का थांबलात? दोन हजार कौलं तुम्हाला काय जड होती."

त्यांनी शहाळं खाली ठेवलं. "तुला आत्यानं सांगितलं नाही?"

"काय?"

त्यांनी ओळीकडे पाहिलं. आत्या तिथं उभी होती. पदर खोचलेला, कपाळाला लाल माती लागलेली.

"इस्राएलात, बेअरशेवाला एका इस्पितळात सुईण हवी होती," ते म्हणाले. "तिचे कागद मीच केलेत, उन्हाळ्यात. डिसेंबरात हनुक्काचा सण झाला की जाईल. तुझ्या बाबांना मी विचारलं होतं, सगळे निघालेत, छप्पर घालू कुणासाठी. आणि जी निघालीय तीच माडीवरून कौलं बोलतेय. मग त्यावर मी काय बोलणार होतो?"

मी उठले. ओळीतून वाट काढत आत्यापर्यंत गेले. तिनं माझा चेहरा पाहिला आणि तिला कळलं.

"सांगितलं वाटतं त्यानं," ती म्हणाली. हातातलं कौल तिनं पुढं दिलं.

"तू जाणार आहेस."

"हो."

"मग हे सगळं कशासाठी? पुढच्या सिम्हाथ तोराला तू याच्याखाली नसशील."

पुढचं कौल आलं. तिनं ते घेतलं, दिलं. "मिल्का, जाणाऱ्यानं घर शाकारून जावं," ती म्हणाली. "राहणाऱ्याला बाकीची कामं पुष्कळ असतात."

"मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू माडीवर उठून पंचवीस म्हणाली असतीस? रडत बसली असतीस."

मी रडतच होते. तिनं मातीच्या हातानं माझे डोळे पुसले, त्यामुळे ते आणखीच चुरचुरले आणि आम्ही दोघी हसायला लागलो. मागून गोमती म्हणाली, "बाई, ओळ तुंबलीय."

आत्या गेली ती परत आली नाही. ज्या घरांना जायचं होतं ती गेली, काही राहिली. आम्ही राहिलो. पुढं बरीच वर्षं बोली पुकारायचं काम माझ्याकडे आलं, ती वेगळी गोष्ट. पण इतक्या वर्षांनी त्या दिवसांतलं काय आठवतं म्हणाल तर तो क्षण. आत्या एक पाऊल बाजूला झाली, दंड धरून तिनं मला आपल्या जागेवर उभं केलं, आणि स्वतः पुढं, मशिदीच्या दिशेनं चालू लागली. गोमतीनं कौलासकट हात पुढं केले. मी कौल घेतलं, वळले आणि पुढच्या बाईच्या हातात दिलं. ते जड होतं आणि उन्हानं तापलेलं होतं, आणि त्याच्या मागे दुसरं येतच होतं.